‘ट्री शेकिंग’ला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडा: जावास्क्रिप्टचं बंडल (अनेक फाइली जोडून ब्राउझरसाठी बांधलेला गठ्ठा) लहान करण्याबद्दल लिहितोय. मिनिफिकेशन, कॉम्प्रेशन, ट्री शेकिंग या तिन्हींना ‘आकार कमी करणे’ म्हटलं की वाचकाचा गोंधळ होतो. ट्री शेकिंगसाठी, म्हणजे न वापरलेला कोड बंडलबाहेर ठेवण्यासाठी, मी ‘छाटणी’ धरलंय. बाकीच्यांना काय म्हणू?

खटपट्या: कॉम्प्रेशनला ‘आवळणे’. सर्व्हर जीझिप किंवा ब्रॉटलीने फाइल आवळतो, ब्राउझर ती उलगडतो. गाठोडं सुटलं की आतलं सगळं जागच्या जागी. समजा ६०० केबीचे आवळून १८० झाले, तरी ब्राउझरच्या इंजिनापुढे येतात ते ६००च.

मिनिफिकेशनला ‘आटवणे’. टर्सर नावाचा मिनिफायर मोकळ्या जागा नि टिपा काढतो, स्थानिक नावं एक-दोन अक्षरांवर आणतो. हे मागे फिरत नाही, म्हणून तर मूळ ओळ शोधायला सोर्स मॅप लागतो.

काना_मात्रा: दोन्ही शब्द चपखल. ‘छाटणी’ मात्र खटकते. छाटायला अख्खं झाड समोर असावं लागतं. कधीच खऱ्या न होणाऱ्या अटीतला कोड टर्सर उडवतो, ती छाटणी. रोलअप या बंडलरने (बंडल बांधणाऱ्या साधनाने) २०१५ मध्ये रुळवलेल्या ट्री शेकिंगमागचा विचार उलटा आहे: सुरुवातीच्या फाइलपासून निघा, इम्पोर्टचा (कुठली फाइल कुठून काय घेते त्याचा) माग काढा, वापर सापडेल तेवढंच उचला. ही ‘वेचणी’.

शब्दवेडा: पण वेबपॅक हा बंडलर तर कुणीच न वापरलेल्या एक्सपोर्टवर (फाइलने बाहेर वापरायला दिलेल्या गोष्टींवर) खूण करतो आणि टर्सर ते काढतो. मग छाटणीच झाली ना?

काना_मात्रा: तिथली यंत्रणा तशी आहे खरी. तरी शब्द असा हवा की घोडं कुठे अडतं तेही कळावं. ‘छाटणी’ म्हटलं की नको ते आपोआप जाईल असं वाटतं. ‘वेचणी’ म्हटलं की आधी विचारावं लागतं, वेचण्याजोगं सुटं आहे का? रिक्वायरने आणलेलं कॉमनजेएस या जुन्या पद्धतीचं मॉड्यूल सुटं नसतं. त्यातलं नेमकं काय लागेल हे कोड न चालवता खात्रीने सांगता येत नाही, म्हणून बहुधा सगळंच येतं. लोडॅश या लायब्ररीऐवजी तिची इम्पोर्टवाली आवृत्ती लोडॅश-ईएस घ्या म्हणतात ते यामुळेच. आणि बंडलरच्या आधीच बेबेल या कोडचं रूप बदलणाऱ्या साधनाने इम्पोर्टचे रिक्वायर करून टाकले, तर वेचणी तिथेच अडली.

खटपट्या: ‘वेचणी’ पटली. वेचताना हवं तेही सुटतं, हे लेखात जरूर घ्या. पॅकेज-जेसन या पॅकेजच्या माहितीच्या फाइलमध्ये ‘साइड-इफेक्ट्स: फॉल्स’ (फाइल नुसती आणल्याने काही घडत नाही) लिहिलं की ज्या फाइलमधलं काहीच वापरलं नाही ती वगळायची मुभा मिळते. नुसती इम्पोर्ट केलेली सीएसएस फाइल अशीच न वापरलेली दिसते. डेव्हलपमेंटमध्ये पान ठीक, प्रॉडक्शन बिल्डमध्ये रंगरूप गायब! फॉल्सच्या जागी यादी द्या आणि तीत सीएसएस फाइली घाला.

शब्दवेडा: आणि कोड स्प्लिटिंग, म्हणजे बंडलचे तुकडे करणं? ‘विभाजन’ फार कोरडं वाटतं.

काना_मात्रा: ‘हप्ते पाडणे’. डायनॅमिक इम्पोर्टने, म्हणजे लागेल तेव्हाच तुकडा मागवल्याने, एकूण कोड घटत नाही, पहिला हप्ता हलका होतो.