मदत हवी आहे: कुठली रायफल घेऊ, आन्शुट्झचं १९१३ मॉडेल की वॉल्थर केके ५००? रविवारपर्यंत ठरवायचंय

नीता_डोंबिवली: ओळखीतल्या एकांकडे जुनी आन्शुट्झ १९१३ आहे, चांगल्या भावात देतायत. घरचे म्हणतात नवीच घे, वॉल्थर केके ५००. चार वर्षं वरळीच्या रेंजवर क्लबची रायफल वापरतेय, आता स्वतःची हवी. रविवारपर्यंत कळवायचंय. लवकर सांगा.

जुना_नेमबाज: ५० मीटर ना? नुसतं प्रोन (झोपून) की थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून)? लायसन्स झालंय का? ताई, काहीच लिहिलं नाहीत. आणि रविवारची घाई कशाला? जुनी रायफल घेताना विकणाऱ्याने आधी पोलिसांना लेखी कळवून ठरावीक दिवस थांबावं लागतं. त्या रात्रीच ती तुमच्या घरी येणार नाही.

नीता_डोंबिवली: थ्री पोझिशन. लायसन्स आहे.

ठाणेकर_सचिन: डोळे मिटून १९१३. माझी सतरा वर्षांची आहे, अजून ट्रिगर लोण्यासारखा. स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला ४५१.४ गुण करून कांस्य आणलं तेव्हापासून सगळे नव्या मॉडेलांच्या मागे लागलेत. कोल्हापूरचा पोरगा, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता! त्या दिवशी मी ऑफिसात रडलो होतो.

जुना_नेमबाज: सचिन, रायफलीचं नाव काय करणार? दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. एकाच कंपनीच्या दोन लॉटच्या गोळ्या एकाच नळीतून वेगळ्या पडतात. शिकंज्यात बांधून लॉट तपासा, ज्याच्या गोळ्या एका जागी पडतील तो भरपूर घेऊन ठेवा. मी बाकी सगळे खर्च नंतर केले.

ठाणेकर_सचिन: लॉट नंतर पाहता येतो. नळीच खराब असेल तर कुठला लॉट बसणार?

जुना_नेमबाज: हे बरोबर. ताई, चेंबरच्या (गोळी बसते त्या भागाच्या) तोंडाशी कार्बनची कडी जमलीय का ते बोअरस्कोपने, म्हणजे नळीच्या आत बघायच्या कॅमेऱ्याने, बघाच.

कोकणातला_बागायतदार: बोल्ट अ‍ॅक्शनचा विषय आहे म्हणून विचारतो. ईशापूरची .३१५ रायफल कशी आहे? भाताच्या लोंब्या भरल्या की रानडुकरं एका रात्रीत शेत लोळवतात.

मीरा_प्रशिक्षक: दादा, वेगळा धागा काढा, तिथे नक्की सांगेन. नीता, तुमची उंची किती? १९१३ चा स्टॉक (खांद्याला लावायचा दस्ता) कुठला, लाकडी की अ‍ॅल्युमिनियमचा? आणि कुठल्या खांद्याला लावता?

नीता_डोंबिवली: उंची पाच फूट एक. स्टॉक लाकडी. डाव्या खांद्याला लावते, डावखुरी आहे.

मीरा_प्रशिक्षक: अहो, हे पहिल्याच ओळीत हवं होतं! त्या १९१३ चा बोल्ट, म्हणजे दर गोळीला ओढायचा दांडा, कुठल्या बाजूला आहे?

नीता_डोंबिवली: उजव्या. क्लबचीही तशीच आहे, सवय झालीय.

मीरा_प्रशिक्षक: ती सवयच काढायचीय. प्रोनमध्ये प्रत्येक गोळीला बोल्ट ओढायला तुमचा डावा हात रायफलीवरून पलीकडे जातो. चटईवरचं कोपर हलतं, गाल चीकपीसवरून (गाल टेकायच्या पट्टीवरून) उठतो. परत टेकता तेव्हा डायऑप्टरमध्ये (नेम धरायच्या मागच्या भोकात) एका बाजूला काळी कोर दिसते आणि ती घालवण्यात वेळ जातो. थ्री पोझिशनमध्ये हे साठ वेळा. डाव्या बोल्टची १९१३ मिळते, तशीच शोधा. स्पर्धेच्या ८ किलोच्या मर्यादेत बसते म्हणून जड रायफल घेऊ नका, तुमच्या उंचीला स्टँडिंगमध्ये ती कंबरेतून वाकवेल.

नीता_डोंबिवली: काळी कोर! चार वर्षं मला वाटत होतं माझा डोळाच खराब आहे. चष्मासुद्धा बदलला. त्यांना आत्ताच नाही म्हणून कळवते. डाव्या बोल्टची कुणाला ठाऊक असेल तर सांगा, वॉल्थरसुद्धा चालेल.

ठाणेकर_सचिन: ती उजवी १९१३ मग कुठे आहे? माझ्या भाच्याला हवीय.