माइंडहंटर: तिसऱ्या सीझनमध्ये बिल टेंचचा ब्रायन कुठे गेला असता?

पाणकावळा:

परवा 'माइंडहंटर'चा दुसरा सीझन तिसऱ्यांदा पाहून संपवला आणि पुन्हा त्याच ठिकाणी अडकून पडलो. बिल टेंच अटलांटाहून दमून घरी येतो, दार उघडतो, आणि घर मोकळं. सामान गेलंय, नॅन्सी गेलीये, ब्रायन गेलाय. तिथून पुढे काही नाही, आणि आता येणारही नाही.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. (पुढे सगळं उघड करून लिहिलंय. पाहायची असेल तर इथेच थांबा.) १९७७मध्ये एफबीआयचे दोन एजंट, तरुण होल्डन फोर्ड आणि मुरलेला बिल टेंच, तुरुंगात जाऊन सिरियल किलरांशी बोलायला लागतात. ही माणसं अशी का झाली हे कळलं तर जे मोकाट आहेत ते हाती लागतील, ही आशा. बॉस्टनहून मानसशास्त्राच्या प्राध्यापक वेंडी कार त्यांना येऊन मिळतात. नेटफ्लिक्सवर २०१७मध्ये १० भाग आले, २०१९मध्ये ९. जानेवारी २०२०मध्ये कलाकारांना करारातून मोकळं केलं गेलं आणि २०२३मध्ये मालिकेचा दिग्दर्शक-निर्माता डेव्हिड फिंचरनेच सांगून टाकलं की खर्चाच्या मानाने प्रेक्षक मिळाले नाहीत, आता पुढे होणार नाही.

माझं म्हणणं असं की ही मालिका होल्डनची नव्हतीच, बिलची होती. तिसऱ्या सीझनमध्ये ते उघड झालं असतं. ब्रायन हा बिलचा दत्तक मुलगा, फारसा न बोलणारा. पहिल्या सीझनमध्ये त्याला सांभाळणाऱ्या मुलीला त्याच्याकडे गुन्ह्याच्या जागेचा फोटो सापडतो. दुसऱ्यात तो मोठ्या पोरांबरोबर असताना एका चिमुरड्याचा जीव जातो, आणि त्या चिमुरड्याला क्रूसावर ठेवायचं ब्रायनने सुचवलेलं असतं. दिवसभर खुन्यांना 'लहानपणी घरी काय वातावरण होतं?' असं विचारणारा बाप संध्याकाळी त्याच प्रश्नापाशी घरी येतो, आणि तिथे त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

इतकं पेरलंय म्हणजे ते उगवणारच होतं. माझ्या डोळ्यांसमोरचा तिसरा सीझन असा: ब्रायन मोठा होतो, कुठेतरी आग लागते, नाहीतर शेजारचं एखादं जनावर मेलेलं सापडतं, आणि बिलला स्वतःच्या मुलाचं मानसचित्र (खुन्यांचं करतात तसं प्रोफाइल) मनातल्या मनात लिहावं लागतं. बिल नोकरी सोडतो. होल्डन एकटा पडतो. तुम्हाला काय वाटतं?

अबोली:

पाणकावळा, मालिकेवरचं तुमचं प्रेम कळतं, पण ब्रायनबद्दल जे लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं. मी १५ वर्षं न बोलणाऱ्या, उशिरा बोलणाऱ्या मुलांबरोबर काम करते. त्यामुळे हे मला सोडून देता येत नाही.

ब्रायनने काय केलं ते त्या वयाच्या मुलाच्या नजरेतून पाहा. मोठ्या पोरांनी काहीतरी भयंकर केलंय, समोरचं बाळ हलत नाहीये. चर्चमध्ये येशूची गोष्ट ऐकलेल्या मुलाला काय ठाऊक असणार? क्रूसावर गेलेला माणूस पुन्हा उठतो. मला तरी तो त्या बाळाला उठवायला बघत होता असंच वाटतं. त्यानंतर त्याचं उरलंसुरलं बोलणंही बंद होतं, तो पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतो. हे क्रौर्य नाही हो, ही भीती आहे. पोटात मावत नाही एवढी.

आणि आग, जनावरं, अंथरूण ओलं करणं हे त्रिकूट कुठून आलं ते सांगते. मॅकडोनाल्ड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९६३मध्ये ते मांडलं. पुढच्या अभ्यासांतून या त्रिकुटावरून भाकीत करण्याला भक्कम आधार मिळाला नाही. रात्री अंथरूण ओलं करणारी मुलं घरोघरी असतात. पण सिनेमे आणि मालिकांनी ते इतकं रुजवलंय की तुमच्यासारख्या विचारी माणसालाही पुढचा सीझन म्हटल्यावर पहिली तीच आग दिसली.

पहिल्या सीझनमधला तो मुख्याध्यापक आठवा. मुलांच्या तळपायांना गुदगुल्या करायचा. होल्डनला तेवढ्यावरून त्याचं भविष्य दिसलं. गुन्हा सिद्ध झाला नाही, नोकरी मात्र गेली, आणि त्याची बायको होल्डनला जाब विचारायला आली. तुम्ही ब्रायनशी तेच करताय.

तळटीप:

दोघांच्या मध्ये थोडी खरी माहिती ठेवतो, मग भांडा.

होल्डन बेतलाय जॉन डग्लस यांच्यावर, बिल रॉबर्ट रेसलर यांच्यावर, वेंडी ॲन बर्जेस यांच्यावर. पण ब्रायनचं प्रकरण लेखकांनी रचलेलं आहे, रेसलर यांच्या आयुष्यातलं नाही. त्यामुळे इतिहास पाहून ब्रायनचं पुढे काय झालं असतं ते कळणार नाही.

होल्डनचं मात्र बरंच कळतं. दुसरा सीझन १९८१पाशी थांबतो. डिसेंबर १९८३मध्ये डग्लस सिएटलला ग्रीन रिव्हर या खूनसत्राच्या तपासावर गेले होते. हॉटेलच्या खोलीत कोसळले. सहकाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा ते बेशुद्ध होते, मेंदूला विषाणूचा संसर्ग झाला होता. वय ३८. आता पहिल्या सीझनचा शेवट आठवा. होल्डनने मुलाखती घेतलेला सिरियल किलर केम्पर रुग्णालयात त्याला मिठी मारतो आणि होल्डन कॉरिडॉरमध्ये पळत जाऊन कोसळतो. ते कोसळणं मनाचं होतं, पुढचं शरीराचं झालं असतं. ज्या प्रकरणावर तो कोसळला असता त्यातला गॅरी रिजवे २००१पर्यंत सापडला नाही. मानसचित्राने नाहीच, डीएनएने सापडला. 'मला माणूस कळतो' या होल्डनच्या गुर्मीला याहून मोठा तडाखा कुठला?

आणखी एक. दुसऱ्या सीझनचे दोन भाग दिग्दर्शित करणाऱ्या अँड्र्यू डॉमिनिकने २०२२मध्ये सांगितलं होतं की तिसरा सीझन हॉलिवूडला जाणार होता. एक जण दिग्दर्शक मायकल मानच्या संपर्कात येतो, दुसरा दिग्दर्शक जोनाथन डेमीच्या, आणि प्रोफायलिंग घराघरांत पोचतं. मानचा 'मॅनहंटर' १९८६चा, डेमीचा 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' १९९१चा. म्हणजे काळही बराच पुढे सरकला असता. ब्रायन तोवर शाळा संपवून बाहेर पडला असता.

चकवा:

माझं मत अगदी उलट आहे. थांबली तेच योग्य झालं.

दुसरा सीझन अटलांटाच्या बालहत्यांवर आहे. १९७९ ते ८१मधली ती कृष्णवर्णीय मुलं खरी होती, त्यांच्या आया खऱ्या होत्या. त्या प्रकरणात पकडलेल्या वेन विल्यम्सला १९८२मध्ये जन्मठेप झाली ती दोन प्रौढांच्या खुनासाठी. मुलांची बरीचशी प्रकरणं त्याच्या नावावर टाकून मिटवली गेली, त्यांचा खटला कधी उभाच राहिला नाही. होल्डन बरोबर होता की चूक, हे मालिका सांगत नाही. तिला सांगता येतही नाही, कारण कुणालाच सांगता आलेलं नाही. २०१९मध्ये शहराच्या महापौरांनी पुरावे पुन्हा तपासायचं जाहीर केलं, म्हणजे चाळीस वर्षांनीही तो प्रश्न उघडाच होता. अशा मालिकेला 'आता यांचं काय झालं ते दाखवा' म्हणणं मला पटत नाही.

कॅन्ससमधल्या त्या अलार्म कंपनीच्या माणसाचंही तेच. जवळजवळ प्रत्येक भागाच्या सुरुवातीला दोन मिनिटं दिसतो. आपण वाट बघतो की हे लोक त्याला गाठणार. तो म्हणजे डेनिस रेडर. त्याने पहिले खून १९७४मध्ये केले, सापडला २००५मध्ये, तेही स्वतःच एका टीव्ही वाहिनीला पाठवलेल्या फ्लॉपीतल्या खुणांवरून. दहा जणांचे जीव गेले. पाच सीझन केले असते तरी बिल त्याच्या दारात पोचला नसता. अर्धवट राहणं हाच या गोष्टीचा आकार आहे.

रिमझिम:

चकवा, अटलांटाबद्दल अनुमोदन. पण 'अर्धवट राहणं हाच आकार' हे बिलला आणि होल्डनला शोभतं. वेंडीचं काय? तिला आकारच मिळाला नाही.

पहिल्या सीझनमध्ये ती इमारतीच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीत, खिडकीपाशी एका मांजरासाठी ट्यूनाचा डबा ठेवते. मांजर दिसत नाही, नुसता आवाज. रोज डबा रिकामा होतो, ती नवा ठेवते. एके दिवशी डबा तसाच असतो, त्यावर मुंग्या. ती उभी राहून बघत राहते. एक शब्द न बोलता तिचं सगळं एकटेपण त्या डब्यात आहे. आणि दुसऱ्या सीझनमध्ये तुरुंगातल्या मुलाखतीत ती स्वतःच्या आयुष्यातली खरी गोष्ट सांगते, जी ऑफिसात कुणाला ठाऊक नाही. बरोबरच्या सहकाऱ्याला वाटतं, काय झकास थाप मारली!

१९८८मध्ये रेसलर, बर्जेस आणि डग्लस यांचं एकत्रित पुस्तक आलं, त्या सगळ्या मुलाखतींचं सार. माझ्या तिसऱ्या सीझनमध्ये वेंडी ते पुस्तक उभं करते. बाकी दोघं हॉलिवूडमध्ये मिरवत असताना टेपचा प्रत्येक शब्द ऐकून, वर्गवारी करून. आणि ज्या संस्थेसाठी ती हे करते तिथे स्वतःबद्दल खरं बोलण्याची तिला चोरी. ब्रायनवर अर्धा धागा आणि वेंडीचं नाव फक्त ओळखीपुरतं, हे बघून लिहिल्याशिवाय राहवेना.

पाणकावळा:

रिमझिम, कबूल. मुंग्यांचा तो डबा मी तीनदा पाहूनही विसरलो होतो, आता विसरणार नाही.

अबोली, तुमचा प्रतिसाद रात्री दोनदा वाचला. आग आणि जनावरं मागे घेतो. जे मालिकेने दाखवलं नाही ते मी ब्रायनवर लादलं. पण एक गोष्ट सोडत नाही: मालिकेने तो संशय आपल्या मनात मुद्दाम घातलाय. होल्डन अटलांटातल्या पदयात्रेत क्रूस उभारायची योजना आखतो तेव्हा आपल्याला दुसराच क्रूस दिसतो. आपण बिलच्या जागी उभे असतो, मुलाकडे बघून घाबरत. म्हणून म्हणतो की ही गोष्ट बिलची. ब्रायन खुनी होणार का हा प्रश्न नाहीच (मीच तो तसा मांडला, ती माझी चूक). बाप त्याच्याकडे भीती न बाळगता बघू शकणार का, हा आहे. आणि चकवा, हे इतिहासात नाही म्हणूनच लेखकांच्या हातात होतं. इथे अर्धवट सोडायची सक्ती कुणाची नव्हती.

अबोली:

आता पटलं. तरी नॅन्सीला विसरू नका. सगळे तिला पळून गेलेली समजतात. बिल शनिवार-रविवारी विमानाने यायचा, बाकीचे पाच दिवस त्या मुलाशेजारी ती होती, समाजसेविकेच्या प्रश्नांना उत्तरं देत. तिला फक्त दुसऱ्या गावी जायचं होतं, जिथे कुणी ब्रायनकडे टक लावून बघणार नाही. माझ्या तिसऱ्या सीझनमध्ये तिचं बरोबर निघतं.

चकवा:

माझं मत बदललेलं नाही, पण अबोलींच्या नॅन्सीसाठी एखादा भाग पाहिला असता.

पाणकावळा:

दुसऱ्या सीझनमधला कॅन्ससचा तो प्रसंग आठवतोय? रेडरच्या हल्ल्यातून वाचलेला केव्हिन गाडीत मागच्या सीटवर येऊन बसतो. अट एकच, मागे वळून त्याच्याकडे बघायचं नाही. बिल समोर बघत बसून राहतो. घाई नाही, मधे तोडणं नाही. हळूहळू तो माणूस त्या हल्ल्यात गेलेल्या बहिणीचं सगळं सांगतो. म्हणजे हे बिलला येत होतं. अनोळखी माणसासाठी येत होतं.

मला असा एक प्रसंग हवा होता. बिल दोघांना शोधत त्या दुसऱ्या गावी पोचलाय, ब्रायन मागच्या सीटवर, बिल गाडी चालवतोय आणि आरशातसुद्धा बघत नाहीये.

अबोली:

हो. आणि ब्रायन सबंध रस्ताभर काही बोलला नसता तरी चाललं असतं.