मुलांची दुधाची अ‍ॅलर्जी : पुढे काय झालं? अनुभव लिहा

आम्ही नौपाड्यात राहतो, मुलगी अडीच वर्षांची. उष्टावणाच्या खिरीचे दोन चमचे पोटात गेले आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. तेव्हापासून तिला दूध, दही, पनीर, तूप सगळं बंद. 'मोठी झाली की जाईल,' असं जो तो म्हणतो. पण जाते म्हणजे कशी? एकदम की हळूहळू? आणि ती गेली हे कळतं कसं? लॅक्टोज न पचणं हा निराळा त्रास, तिथे दुधातली साखर पचत नाही. मी विचारतेय ते दुधातल्या प्रथिनांच्या अ‍ॅलर्जीबद्दल.

ऐरोली, मुलगा ४ वर्षे
आमचा प्रकार वेगळा होता. दीड महिन्याचा असताना शीमध्ये रक्ताचे धागे दिसायला लागले. वरचं दूध नव्हतंच, माझ्या खाण्यातलं दूध अंगावरून त्याला जात होतं. मी चहासुद्धा कोरा प्यायला लागले, तीन आठवड्यांत शी साफ झाली. हा उशिरा लक्षणं दाखवणारा प्रकार रक्ततपासणीत दिसत नाही, पण बहुधा लवकर जातो. वर्षानंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून आधी मी दही खाल्लं, मग त्याला थोडं थोडं दिलं. चौदाव्या महिन्यात दहीभात. मधल्या काळात माझ्या कॅल्शियमच्या गोळ्या होत्या आणि नाचणीवर भर होता. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

सानपाडा, मुलगी ६ वर्षे (बाबा)
तुमच्या लेकीसारखंच, लगेच गांधी आणि उलट्या. दर वर्षी रक्तातलं दुधाविरुद्धचं आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीत शरीर तयार करतं ते प्रतिपिंड, तपासायचो. पहिल्या वर्षी आकडा वाढला तेव्हा आम्ही दोघंही खचलो होतो. तिसऱ्या वर्षापासून तो उतरत गेला. पण नुसत्या आकड्यावर काही ठरत नाही, खरं उत्तर खाऊ घालूनच मिळतं, आणि तेही हॉस्पिटलमध्ये. चार वर्षांची असताना तिला तिथे केकचा तुकडा दिला. आधी चिमूटभर, मग वाढवत वाढवत, आणि नंतर काही तास देखरेख. काही झालं नाही.

केक का, हे मला तेव्हा समजलं. मैद्यात मिसळून १८० अंशांवर अर्धा तास भाजलं की दुधातली काही प्रथिनं बदलतात आणि बऱ्याच मुलांना ती चालतात. केसिन हे दुधातलं मुख्य प्रथिन मात्र उष्णतेला दाद देत नाही, म्हणून नुसतं उकळलेलं दूध सुरक्षित होत नाही. हे घरच्यांना समजावताना माझा घसा बसला होता! त्यानंतर केक, बिस्किटं, पुढे दही, आणि साडेपाचाव्या वर्षी, पुन्हा डॉक्टरांसमोर, अर्धा कप दूध. ज्यांना आधी तीव्र रिअ‍ॅक्शन आली आहे त्यांनी ही चढण घरी चढू नये, हे अगदी कळकळीने सांगतो.

कळवा (आजी)
मी शेळीचं दूध दिलं होतं. आमच्या गावी ते बाळांना हलकं म्हणून देतात. नातवाला तासाभरात उलट्या, डोळे सुजून बंद. गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असली की शेळीचं आणि म्हशीचंही बहुधा चालत नाही, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तो प्रसंग डोळ्यांपुढून जात नाही. आता पुड्यावरची बारीक अक्षरं घरात सगळ्यांच्या आधी मी वाचते. नातू तीन वर्षांचा आहे, बिस्किट चालायला लागलंय.

खारघर, मुलगा ९ वर्षे
आमची गेली नाही. केसिनविरुद्धच्या आयजीईचा आकडा अजून चढाच आहे, त्यात दमाही आहे. बहुतेकांची शाळेच्या वयापर्यंत जाते, काहींची राहते, हेही कोणीतरी लिहायला हवं. तीव्र रिअ‍ॅक्शन आली तर टोचायचं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं अ‍ॅड्रिनलिन आणि ते कधी, कसं द्यायचं याचा कागद दप्तरात असतो. वर्गातल्या वाढदिवसांसाठी बाईंकडे त्याचा वेगळा खाऊ ठेवलाय. पेढा पुढे आला की आता तो स्वतःच 'मला नको, दुधाचं आहे,' म्हणतो.

नौपाडा
सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या महिन्यात तिची त्वचेवरची चाचणी आहे. सर्दीसाठी अँटीहिस्टामिन (अ‍ॅलर्जीची लक्षणं दाबणारं औषध) चालू आहे, ते थांबवावं लागतं का?

सानपाडा
हो, नाहीतर निकाल खोटा येऊ शकतो. आम्हाला आठवडाभर आधी बंद करायला सांगितलं होतं. तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा.