निबंधाचा आराखडा आधी पक्का करावा, की विचाराबरोबर बदलू द्यावा?

रानवाट: साहित्यावर निबंध लिहायचा तर आधी मुद्दे काढा आणि मग ते सोडू नका, असं मुलांना शिकवतात. मला हे पटत नाही. मुद्दे काढतानाच तर विचार घडतो.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' (१९५५) या कादंबरीवर माझी टिपणं चालू आहेत. सुरुवातीचा प्रश्न सरळ होता: औंध संस्थानातला हा तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत काय बदल घडवतो? शाळा, तालीम, दुष्काळ असे तीन भाग पाडले. पण वाडीतल्या शेकूची बायको औताला बैलाच्या जागी स्वतःला जुंपून घेते, तो प्रसंग यात कुठेच बसेना. तिथे मास्तरच्या हातून काही घडत नाही, तो फक्त आपल्याला सांगतो. त्या प्रसंगाने माझा प्रश्नच फिरवला. वाडीत राहून मास्तरची नजर कशी बदलत जाते, हे आता मला शोधायचंय. म्हणून म्हणते, जुना आराखडा फाडू नका. रेघ मारा आणि का खोडलं ते शेजारी लिहा.

खडूफळा: हे निवांत लिहिणाऱ्याला ठीक आहे. यूपीएससीला मराठी साहित्याच्या एका पेपरला २५० गुण आणि तीन तास असतात. तिथे अर्ध्या उत्तरात प्रश्न फिरला तर गुण गेलेच. मी पेपर तपासतो. पहिल्या परिच्छेदात एक भूमिका आणि तिसऱ्यात दुसरीच, असे निबंध ढिगाने येतात. या मुलांना आधी एक म्हणणं शेवटपर्यंत तडीस न्यायला शिकू दे.

रानवाट: सर, परीक्षेपुरतं मान्य. पण वर्षभर घरी लिहितानाही परीक्षेचाच कित्ता का गिरवायचा? आणि भूमिका बदलते ती आराखड्यातच बदलून घेतली, तर पक्क्या निबंधात ती डगमगणार नाही.

ओसरी: माझी हरकत वेगळी आहे. विचार बदलला म्हणजे सुधारला असं थोडंच आहे? ताई, तालमीची कल्पना मास्तरचीच. गाव राबून ती बांधतं आणि औंधचे राजे स्वतः येतात. हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचा सगळ्यात भक्कम पुरावा, आणि नव्या मांडणीत तोच दिसत नाही. नवा विचार आवडला की जुना पुरावा गुपचूप मागे पडतो.

शिवाय 'माझा विचार कसा घडला' अशी नोंद निबंधासोबत मागितली, की मुलं ती निबंध झाल्यावर रचून देतात. तिचा काय उपयोग?

रानवाट: रचलेली नोंद कुचकामी, एकदम मान्य. तालमीचं म्हणणंही बरोबर आहे, ती आत घेतेच. पण तालीम उभी राहूनही दुष्काळात वाडी उठून जाते, मास्तर थांबवू शकत नाही. म्हणजे तालीम माझ्या नव्या प्रश्नालाही लागते.

ओसरी: मग आता दोन्ही प्रश्न आराखड्यात ठेवा. दुष्काळाचा भाग लिहून झाल्याशिवाय कुठलाच खोडू नका.