अभ्यासिकेसाठी रिफर्बिश्ड लॅपटॉप घ्यावेत का? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. घाटंजी तालुक्यातील (जि. यवतमाळ) आमच्या गावात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी वर्गणीतून अभ्यासिका उभी केली असून तिच्यासाठी काही लॅपटॉप घ्यायचे आहेत. नवे परवडत नाहीत, शिवाय चालू स्थितीतील यंत्र भंगारात जाण्यापेक्षा मुलांच्या हाती यावे असे मला मनापासून वाटते, म्हणून कंपन्यांनी वापरून काढलेले, तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकले जाणारे (रिफर्बिश्ड) लॅपटॉप घेण्याचा विचार आहे.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा (सुरक्षा अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे त्याहून जुने यंत्र स्वस्त मिळाले तरी घ्यायचे नाही असे आम्ही ठरवत आहोत. की अशा यंत्रावर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकून मुलांचे काम भागेल?

मुख्य काळजी बॅटरीची आहे. उष्णतेने लिथियम बॅटरी लवकर क्षीण होते, आमचा मे महिना आपणांस ठाऊक आहेच, आणि वीज गेल्यावर सगळी भिस्त तिच्यावरच असते. दुकानातच बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमतेच्या किती टक्के शिल्लक असल्यास यंत्र घ्यावे? दुकानदाराने नवी बॅटरी घातल्याचे सांगितल्यास ती मूळ कंपनीची आहे हे कसे ओळखावे?

नागपूरला सीताबर्डीत समोर तपासून घ्यावे की ऑनलाइन मागवावे? वॉरंटीत बिघाड झाल्यास दुरुस्ती कोठे होते, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर कळवावे.