मदत हवी आहे: शुक्र दिसला, तरी वेध वाया का गेला?

नमस्कार मंडळी,

शनिवारी आठवीच्या पोरांना शुक्राच्या अधिक्रमणाची, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून ठिपक्यासारखा सरकताना दिसतो त्याची, गोष्ट सांगायची आहे. नायक फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ गीयोम ल जाँती. अधिक्रमणाचा वेध घेऊन सूर्याचं अंतर काढता यावं, म्हणून १७६० मध्ये पाँडिचेरीला यायला निघाला. मलबार किनाऱ्यापर्यंत आला तर कळलं, पाँडिचेरी इंग्रजांनी घेतली. जहाज माघारी फिरलं आणि ६ जून १७६१ ला, ऐन अधिक्रमणाच्या दिवशी, स्वारी भर समुद्रात! पुढचं १७६९ ला, त्यानंतरचं थेट १८७४ ला. म्हणून पठ्ठ्या मधल्या काळात घरी परतलाच नाही.

काल घरी तालीम केली. भाची म्हणाली, "पण मामा, जहाजावरून दिसलं ना त्याला?" दिसलं होतं. "जहाज हलतं गं" म्हणून वेळ मारून नेली, पण तिला काही पटलं नाही. मुळात अधिक्रमणाला लागलेल्या मिनिटांवरून सूर्याचं अंतर कसं काढतात, हेच मला धड सांगता येत नाहीये. शिवाय १७६९ ची तारीख कुठे ३ जून, कुठे ४. जाणकारांनी मदत करा, गणित कमीत कमी ठेवून.

प्रतिसाद:
भाचीला शाबासकी द्या. अंगठा समोर धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटायला सांगा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकतो. अंगठा म्हणजे शुक्र, भिंत म्हणजे सूर्य, डोळे म्हणजे उत्तरेचा आणि दक्षिणेचा निरीक्षक. दोघांना शुक्र सूर्यबिंबाच्या वेगवेगळ्या जीवेवरून, म्हणजे बिंबाला छेदणाऱ्या सरळ रेषेवरून, जाताना दिसतो. जीवा लांब तर वेळ जास्त. त्या फरकावरून लंबन (अंगठ्यासारखं ते सरकणं), लंबनावरून अंतर. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ हॅलीने १७१६ मध्ये मांडलेली युक्ती हीच.

पण दोन डोळ्यांत अंतर किती, हे माहीत हवं. जहाजावर लंबकाचं घड्याळ नीट चालेना, रेखांशही पक्का नाही. म्हणजे कुठून पाहिलं आणि नेमकं किती वाजता, दोन्ही अंदाजे.

तारखा दोन्ही बरोबर. युरोपात ३ ची संध्याकाळ होती, पाँडिचेरीत ४ ची सकाळ. ल जाँती या वेळी पाँडिचेरीत होता. तिथे सूर्य उगवला तेव्हा शुक्र आधीच बिंबावर असणार होता, फक्त बाहेर पडताना टिपायचा होता. तेवढ्यात आभाळ भरलं, आणि सगळं आटोपल्यावर ऊन पडलं.

धागाकर्ता:
आभारी आहे! अंगठ्याचा प्रयोग लगेच केला. आता भाची विचारतेय, बुधावरून अंतर का नाही काढलं? बुधाची अधिक्रमणं तर शतकात तेरा-चौदा होतात म्हणे.

प्रतिसाद:
अंगठा डोळ्यांपासून लांब नेऊन बघायला सांगा. कमी सरकतो. बुध शुक्रापेक्षा लांब, त्याचं लंबन मोजायलाच अवघड.