भांडण सोडवायला बसायचंय पण त्यातला एक माझाच चुलतभाऊ, काय करू?

खाडीकाठची_पोर:
मी देवगड तालुक्यातली, अकरावीला. मॅडमनी यंदा आम्हा सहा जणांना मध्यस्थ म्हणून निवडलंय, म्हणजे पोरांची भांडणं पोरांनीच बसून सोडवायची, त्याचं ट्रेनिंग पण झालं. आणि पहिलंच भांडण आलं ते भावाचं. नववीतली दोन पोरं, एसटीत जागा धरायला एकाने खिडकीतून दप्तर टाकलेलं, भावाने ते उचलून बाहेर फेकलं, खाली सगळा चिखल, प्रयोगवहीची पानं चिकटून पार लगदा. आता स्टॉपवर दोन वाड्यांची पोरं दोन बाजूंना उभी राहतात. भाऊ म्हणतो तू आहेस ना मग काय टेन्शन, आणि मला तेच टोचतंय. नाही म्हटलं तर काकू रागावणार.

दापोलीची_बाई:
अगं तू नको बसूस. तू कितीही सरळ वागलीस तरी समोरचा पोरगा मनात धरणार की ही त्यांच्यातलीच. "तुला चालेल का" असं विचारलंस तर तो भिडेखातर हो म्हणेल, ते हो धरू नकोस. सहापैकी दुसऱ्या दोघांना बसव, दोन्ही वाड्यांबाहेरचे असले तर उत्तम.

कोकणी_माणूस_७:
मॅडम पटत नाही. आमच्याकडे नात्यातले वगळले तर उरणार कोण? गावात तंटामुक्त समित्या २००७ पासून आहेत, तिथे कोण परके बसतात?

दापोलीची_बाई:
दादा, बरोबर आहे, म्हणून तर नातं लपवायचं नाही, बसायच्या आधीच दोघांसमोर बोलून टाकायचं. पण इथे दुसरे पाच जण आहेत ना, मग पोरीला कशाला अडकवायचं.

रत्नांग्रीकर:
मी शाळेत दोन वर्षं हे केलंय. पहिल्याच वेळी मोठी चूक केली, ऐकून घेतलं न घेतलं आणि निकाल देऊन मोकळा, "तू सॉरी म्हण". तो म्हणाला पण, आणि दोन दिवसांनी स्टँडवर पुन्हा जुंपली. निकाल द्यायचाच नसतो. आधी कबूल करून घ्या की मध्ये तोडायचं नाही, शिव्या नाहीत, इथलं बाहेर नाही. मग एकाला पूर्ण बोलू द्या आणि त्याचंच म्हणणं त्याला परत सांगा, "म्हणजे तुला असं वाटलं का?" एकदा एवढं विचारल्यावर एक पोरगा कितीतरी वेळ बाकावरचं रंगाचं पापुद्रं नखाने काढत बसला, आणि मग हळूच म्हणाला हा मला सगळ्यांसमोर बाबांच्या नावाने चिडवतो. जागा राहिली बाजूलाच. तोडगा त्यांच्याच तोंडून येऊ दे, आणि लिहून दोघांच्या सह्या घ्या.

दापोलीची_बाई:
आणि एक लक्षात ठेवा, रॅगिंग, मारहाण, कोणी घाणेरडं वागणं, धमकी, असलं काही निघालं तर तिथेच थांबायचं आणि मॅडमना सांगायचं, तिथे "इथलं बाहेर नाही" लागू नाही. रॅगिंगला आपल्याकडे १९९९ पासून कायदा आहे. शाळेत सांगायची भीती वाटली तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे. सतत एकच पोरगा दबत असेल तर त्याला समोरासमोर बसवूच नका.

खाडीकाठची_पोर:
थँक्यू मॅडम, थँक्यू दादा. मी बाजूला झाले, दुसरे दोघं बसले. काकू म्हणाली "मगे घरचा माणूस असान उपयोग काय?", दोन दिवस धड बोलली नाही. पण रविवारी तो पोरगा आमच्याच पडवीत बसलेला, भाऊ वाचून दाखवत होता आणि तो नवीन वहीत उतरवत होता, असंच लिहून ठरलंय म्हणे. आकृत्या भाऊ काढून देणार. काकूने दोघांना चहा दिला.